एका मार्काने हुकलेल्यांचा हिशेब

लोकसेवा आयोगाच्या निकालाची पीडीएफ आली की अभ्यासिकेतली मुलं आधी कट ऑफ, म्हणजे निवडीसाठी लागलेले किमान मार्क, बघतात, नाव नंतर. उत्तरतालिकेशी ताडून आपले मार्क प्रत्येकाला जवळपास ठाऊक झालेले असतात, त्यामुळे तो एक आकडा दिसला की पुढची यादी वाचायची गरज उरत नाही. सांगलीत विश्रामबागेत असो, विट्यात असो की साताऱ्यात, दरवेळी एखाद-दुसरा असा निघतोच ज्याची पोस्ट एका मार्काने गेलेली असते. मग टपरीवर चहा होतो. जमलेल्यांपैकी कोणीतरी, बहुधा ज्याचं स्वतःचं बस्तान बसलेलं आहे असं, म्हणतं, "जे होतं ते भल्यासाठीच होतं रे."

हुकलेल्या मुलाला ते ऐकून काय वाटत असेल ते सोडून देऊ. पण हे वाक्य खरं की खोटं? गंमत म्हणजे ते तपासता येतं, आणि तपासायची युक्तीसुद्धा अशाच एका कट ऑफमधून निघाली आहे.

डोनाल्ड थिसलथ्वेट आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना १९६० साली एक साधा प्रश्न सोडवायचा होता. परीक्षेतल्या गुणांवरून मुलांचा जाहीर गौरव झाला, तर त्यांच्या पुढच्या वाटचालीत काही फरक पडतो का? गौरव झालेल्यांची न झालेल्यांशी सरळ तुलना करण्यात अर्थ नव्हता, कारण पहिली मुलं मुळातच जास्त मार्कांची. त्यांनी मग लक्ष कट ऑफच्या रेषेवर धरलं. रेषेच्या अगदी वर आणि अगदी खाली असलेल्या मुलांत खरा फरक किती? सांगलीच्या यार्डात हळदीचं तेच पोतं दोनदा काट्यावर टाकलं तर शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, हळद तीच असते. परीक्षेचंही तसंच. एक उत्तर ठोकताळ्याने बरोबर आलं, एक प्रश्न आयोगाने रद्द केला, निगेटिव्हमध्ये पाव मार्क गेला, एवढ्यावर माणूस रेषेच्या अल्याड किंवा पल्याड पडतो. कुवत सारखी, निकाल वेगळा. असे दोन गट पुढे कुठे पोचले ते बघितलं, तर अपयशाचा स्वतःचा परिणाम हाती लागतो. आज अर्थशास्त्रात ही पद्धत सर्रास वापरतात.

याच पद्धतीने यांग वांग, बेंजामिन जोन्स आणि दाशुन वांग या तिघांनी तरुण शास्त्रज्ञांकडे पाहिलं. त्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी मोठी सरकारी संस्था म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ. तिथे अनुदानाच्या अर्जांना गुण मिळतात आणि वरून जेवढ्यांना पैसा पुरेल तेवढ्यांना तो मिळतो. १९९० ते २००५ या काळातले, कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेले अर्जदार त्यांनी घेतले: थोडक्यात मिळालेले ५६१ आणि थोडक्यात हुकलेले ६२३. मिळालेल्यांना पहिल्या पाच वर्षांत सरासरी १३ लाख डॉलर मिळाले. हा फरक किरकोळ नाही. एवढ्या पैशात प्रयोगशाळा उभी राहते.

पुढच्या दहा वर्षांत मात्र चित्र वेगळं दिसलं. दोन्ही गटांचे शोधनिबंध संख्येने जवळपास सारखेच निघाले. पण ज्यांचा इतरांनी सर्वाधिक आधार घेतला, म्हणजे आपापल्या विषयातल्या वरच्या पाच टक्क्यांत जे निबंध बसले, त्यांचं प्रमाण हुकलेल्यांकडे जास्त होतं. पहिल्या पाच वर्षांत मिळालेल्यांचं १३.३ टक्के, हुकलेल्यांचं १६.१ टक्के. पैसा नसताना.

इथे टपरीवरचे काका "बघ, मी सांगत नव्हतो!" म्हणून उठतील. त्यांना जरा बसवून ठेवू, कारण त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे. एकदा हुकल्यानंतर या संस्थेच्या नोंदींतून कायमचं नाहीसं होण्याची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त होती. ही माणसं पुन्हा अर्ज करायला आलीच नाहीत. त्यांचं काय झालं, ती कुठे गेली, हे त्या नोंदी सांगत नाहीत. आपल्यापर्यंत पोचतो तो उरलेल्यांचा आवाज.

कोणालाही इथे शंका येईल: कच्चे गळाले, पक्के उरले, म्हणून उरलेल्यांची सरासरी वाढली असेल. संशोधकांनाही ती आली. त्यांनी मिळालेल्यांच्या गटातूनही तळाची तेवढीच माणसं मुद्दाम काढून टाकली आणि पुन्हा तुलना केली. तरीही हुकलेले पुढेच. विद्यापीठ बदललं का, सहकारी बदलले का, विषय बदलला का, हेही तपासलं, पण एकट्या कशानेच पूर्ण उलगडा होईना. म्हणजे गाळणीपलीकडे काहीतरी आहे. जिद्द म्हणा. माझा कल मात्र थोडा वेगळा आहे. मला वाटतं, हुकलेल्या माणसाला आपल्या पद्धतीकडे पुन्हा बघावं लागतं, आणि ज्याचं सुरळीत चाललंय तो ते सहसा करत नाही.

या अंदाजाला लंडनमधून आधार मिळतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेचा संप झाला. काही स्थानकं बंद राहिली, काही चालू. रोजच्या प्रवाशांना दोन दिवस दुसऱ्या वाटेने कामावर जावं लागलं. संप मिटल्यावर शॉन लारकॉम, फर्डिनांड राऊख आणि टिम विलेम्स या अर्थशास्त्रज्ञांनी तिकीट कार्डांच्या नोंदी तपासल्या, तर वाट बदलावी लागलेल्यांपैकी साधारण पाच टक्के लोक जुन्या वाटेवर परतलेच नव्हते. वर्षानुवर्षं जी वाट ते सगळ्यात सोयीची समजत होते ती तशी नव्हती, आणि संप झाला नसता तर त्यांना ते कळलंही नसतं. अर्थात उरलेले ९५ टक्के मुकाट्याने जुन्याच वाटेवर आले. सक्तीने केलेला प्रयोग बहुतेकांना काहीच देत नाही, थोड्यांना बरंच देतो.

आपल्याकडे या विषयावर बोलताना किर्लोस्करवाडी टाळता येत नाही. मिरजेहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. हे गाव वसवणारे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले ते चित्रकला शिकायला. तिथे ध्यानात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत.

रंगांधळेपणाचा सर्वात आढळणारा प्रकार म्हणजे लाल आणि हिरव्या छटांची गल्लत. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतल्या दोन प्रकारांची, म्हणजे साधारणपणे लाल आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात आणि एकमेकांसारखीच असतात. त्यामुळे पिढी बदलताना त्यांची उलटापालट सहज होते. बाईकडे दोन एक्स, एकात बिघाड असला तरी दुसरं सांभाळून घेतं. पुरुषाकडे एकच, म्हणून हा दोष पुरुषांत कितीतरी जास्त. त्यावर इलाज नाही, आणि मेहनत करून काही उपयोगही नाही. लक्ष्मणरावांनी आणखी दहा वर्षं रंग घोटले असते तरी त्यांच्या डोळ्यांत नवी शंकूपेशी उगवली नसती.

पण चित्रातली रेषा शाबूत होती. रंग सोडून ते मुंबईतल्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि तिथेच तो विषय शिकवायलाही लागले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. नोकरी सोडून ते बेळगावला गेले. आधी सायकलींचा धंदा, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळता मिळेना. तेही जरा मार्गी लागतंय तोवर बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची पाळी आली.

या गोष्टीत मला रस आहे तो प्रत्येक वेळी बरोबर काय गेलं यात. रंग गेले, रेषा बरोबर आली. नोकरी गेली, यंत्र समजून घ्यायची सवय बरोबर आली. जागा गेली, माणसं आणि अवजारं बरोबर आली. आणि १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले नसते तर हे सगळं घेऊन लक्ष्मणराव कुठे गेले असते? औंध संस्थानातली कुंडलजवळची निवडुंग माजलेली ३२ एकर जमीन त्यांनी दिली, वर कर्जही दिलं. किर्लोस्करवाडीची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगताना हा राजा बहुधा घाईत उरकला जातो. त्याला मधोमध बसवायला हवं.

कारण राजा नसला की काय होतं याचेही आकडे आहेत. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांच्या एका अनुदानाचा असाच कट ऑफच्या दोन बाजूंनी अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथे निकाल अगदी उलट. थोडक्यात मिळालेल्यांना पुढच्या आठ वर्षांत हुकलेल्यांच्या दुपटीहून जास्त संशोधन निधी मिळाला. याचं एक कारण असं की हुकलेल्यांनी पुढच्या अनुदानांसाठी अर्ज करणंच कमी केलं. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. अमेरिकेतला मोजतो कामाचा कस, डच मोजतो हाती आलेला पैसा. काम चांगलं होणं आणि त्याचं मोल मिळणं या दोन गोष्टी आहेत, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलेल्या कामगारांचं चित्र तर आणखी कठोर. पेनसिल्व्हेनियात कारखान्यांतली कामगारकपात होऊन जुन्या कामगारांची नोकरी गेली, त्यांच्या मिळकतीचा माग १९९३ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात काढला आहे. पाच-सहा वर्षांनंतरही ते पूर्वीच्या मानाने वर्षाला सुमारे २५ टक्क्यांनी मागे होते. एकाच यंत्रावर वीस वर्षं बसलेला हात दुसऱ्या कामाला सहज वळत नाही. या लोकांना "नवी संधी समजा" असं सांगणं मला तरी उर्मटपणा वाटतो.

मग हुकल्यावर चिकटून राहायचं की सोडायचं? दाशुन वांग यांच्याच गटाने २०१९ मध्ये आणखी एक अभ्यास केला. त्यात पावणेआठ लाखांच्या आसपास अनुदान-अर्ज आणि शिवाय नव्या कंपन्यांच्या नोंदी तपासल्या. अपेक्षा अशी की शेवटी यशस्वी झालेल्यांनी जास्त वेळा प्रयत्न केले असतील. तसं काही दिसलं नाही. शेवटपर्यंत न जमलेल्यांनीही साधारण तेवढ्याच खेपा घातल्या होत्या. फरक होता दोन प्रयत्नांमधल्या काळात. ज्यांना पुढे यश आलं त्यांचा तो काळ प्रत्येक खेपेला कमी होत गेला, कारण मागच्या प्रयत्नातले जमलेले भाग ते तसेच उचलत आणि फक्त बिघडलेल्या भागावर काम करत. बाकीचे दरवेळी सगळं नव्याने मांडत. त्यांचे कष्ट कमी नव्हते, पण एका खेपेची कमाई दुसरीत जात नव्हती. अभ्यासिकेतला अनुभवी मुलगा हे एका वाक्यात सांगतो: "चार अटेम्प्ट दिलेत की एकच अटेम्प्ट चार वेळा दिलाय?"

चिकटून राहण्याची किंमत तमिळनाडूत दिसली. तिथल्या सरकारने २००१ ते २००६ बहुतेक पदांची भरती थांबवली. शहाणपण सांगतं की जागाच नाहीत तर मुलं दुसरीकडे वळतील. कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञाला आढळलं ते वेगळंच: त्या वर्षांत पदवी घेतलेले तरुण बेकार राहून अभ्यासच जास्त काळ करत राहिले, आणि पुढे त्यांची कमाईही मागे पडलेली दिसली.

सोडण्याची भीती मात्र आपण वाजवीपेक्षा जास्त धरतो. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली विद्यापीठातल्या हंगामी प्राध्यापकांना विचारलं, कायम झाला नाहीत तर पुढच्या काही वर्षांत किती दुःखी असाल? उत्तरं भयंकर होती. प्रत्यक्षात कायम न झालेले जुने प्राध्यापक कायम झालेल्यांइतकेच सुखात निघाले. वाड्यावस्त्यांवरून पोरांना शहरात अभ्यासाला ठेवणाऱ्या आई-बापांनाही हा निष्कर्ष कोणीतरी वाचून दाखवायला हवा, कारण बऱ्याचदा भीती त्यांची असते आणि अटेम्प्ट पोराचा.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. चार पर्यायांतून दोन खोडायचं कौशल्य ज्यांनी अनेक वर्षं घासलं, त्यांची ती कमाई तिथे एका फटक्यात कमी झाली. राज्यघटना, भूगोल, अर्थव्यवस्था तेवढी बरोबर येईल. उलट यूपीएससीच्या मेन्सला दोनदा लिहून यादीत न आलेली मुलं अडीचशे शब्दांत उत्तर बसवायचा सराव घेऊन आहेत, आणि अभ्यासिकेत नवी मुलं आपली उत्तरं दाखवायला त्यांच्याच टेबलापाशी जातात.