क्रिएटिनिन कमी आले म्हणजे डायलिसिस पुरेसे झाले का?

‘क्रिएटिनिनचा आकडा जितका खाली, तितके डायलिसिस चांगले’ हा समज रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे. तो स्वाभाविकही आहे, कारण मूत्रपिंडाच्या आजाराचे निदान होताना रक्तातील या टाकाऊ पदार्थाच्या आकड्याकडेच सर्वांचे लक्ष वेधलेले असते.

परंतु क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. त्यामुळे जेवण तुटलेल्या, अंगाने झडलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन डायलिसिस अपुरे असतानाही कमी दिसू शकते, तर धडधाकट बांध्याच्या, नीट जेवणाऱ्या रुग्णाचे डायलिसिस व्यवस्थित होत असूनही ते जास्त येते. डायलिसिसपूर्वीचा आकडा महिन्यागणिक घसरत असेल आणि वजनही उतरत असेल, तर आनंद मानण्याऐवजी आहाराची चौकशी करावी, हे बरे.

पुरेसेपणा मोजण्यासाठी एकाच सत्राच्या आधी व नंतर रक्तातील युरिया हा दुसरा टाकाऊ पदार्थ तपासतात. समजा, तो आधी १४० आणि नंतर ४२ आला, तर ९८ची घट, म्हणजे ७० टक्के. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी ही घट किमान ६५ टक्के असावी, असे मानले जाते. दोनदाच घेणाऱ्यांना हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. नंतरचा रक्ताचा नमुना डायलिसिस यंत्राच्या पंपाचा वेग कमी करून घ्यावा लागतो, अन्यथा यंत्रातून नुकतेच शुद्ध झालेले रक्त त्यात मिसळून घट फुगलेली दिसते. आपल्या फाइलमध्ये एकाच तारखेचे युरियाचे दोन आकडे आहेत का, हे पाहावे. नसल्यास डॉक्टरांना विचारावे.