न्यायाधीशांविरुद्ध तक्रार आणि महाभियोग: नाशिककरांनी काय करायचं, कुठे करायचं

महाभियोग म्हणजे न्यायाधीशाला पदावरून काढण्याची संसदेतली प्रक्रिया. तिचा अर्ज नागरिकाला करता येत नाही. तसा फॉर्म सेतू केंद्रात मिळत नाही, ऑनलाइनही नाही. ही प्रक्रिया फक्त खासदारांच्या सह्यांनी सुरू होते. पण न्यायाधीशाच्या गैरवर्तनाची तक्रार कोणालाही करता येते. नीट कागद लावून केलेली तक्रार काय करू शकते, याची माहिती फार थोड्या पक्षकारांना असते.

मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या सरकारी निवासस्थानी आग लागली आणि तिथे जळालेल्या नोटा सापडल्याच्या बातम्या आल्या. त्यांनी आरोप फेटाळले. पुढे १४६ खासदारांच्या सह्यांचा प्रस्ताव लोकसभा अध्यक्षांनी दाखल करून घेतला आणि १२ ऑगस्ट २०२५ रोजी तीन सदस्यांची चौकशी समिती नेमली. तेव्हापासून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातही 'महाभियोग' हा शब्द सर्रास कानावर पडतो. 'आमच्या जजसाहेबांवर लावता येईल का?' असं लोक विचारतात. नाही, लावता येणार नाही. महाभियोग उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी आहे. नाशिक, मालेगाव, निफाड, येवला, सिन्नर इथल्या न्यायाधीशांवर राज्यघटनेच्या कलम २३५ नुसार उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. तिथली वाट वेगळी आहे, आणि सामान्य माणसासाठी जास्त जवळचीही.

निकाल पटला नाही, हे गैरवर्तन नव्हे

सगळ्यात जास्त तक्रारी इथेच बाद होतात. जामीन नाकारला, मनाई हुकूम दिला नाही, साक्षीदारावर विश्वास ठेवला नाही, या गोष्टींवर उपाय अपील किंवा पुनरीक्षण (रिव्हिजन) हा आहे. न्यायाधीश पक्षपाती वाटत असतील तर खटला दुसऱ्या न्यायालयात वर्ग करण्याचा अर्ज देता येतो. गैरवर्तन म्हणजे पैसे मागणं, एका पक्षाला खासगीत भेटणं, नातेवाईक गुंतलेलं प्रकरण स्वतःकडेच ठेवणं, सरकारी पैशाचा गैरवापर, पक्षकाराला किंवा महिला वकिलाला उघड अपमानास्पद बोलणं. चुकीच्या निकालासाठी न्यायाधीशाला घालवता आलं असतं, तर उद्या बलाढ्य माणसाविरुद्ध निकाल द्यायला कोणीच धजावला नसता. हे संरक्षण न्यायाधीशांपेक्षा तुमच्या-आमच्यासारख्या पक्षकारांच्या कामाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

तक्रार कोण करू शकतो, कागद कोणते

तक्रारदार त्या खटल्यात पक्षकारच असला पाहिजे असं नाही. पण त्याला गोष्ट स्वतः माहीत हवी. निनावी पत्र पाठवू नका. कनिष्ठ न्यायालयातल्या न्यायाधीशाविरुद्धची तक्रार शपथेवरच्या प्रतिज्ञापत्रासह आणि पडताळून पाहता येईल अशा पुराव्यासह असेल, तरच तिची दखल घ्यावी, अशी सरन्यायाधीशांची २०१४ पासूनची सूचना आहे. म्हणून प्रतिज्ञापत्र हा पहिला कागद. ते नोटरीसमोर करून घ्या. त्यासोबत ओळखपत्राची प्रत, खटल्याचा क्रमांक आणि सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा १६ अक्षरं-अंकांचा ओळख क्रमांक), संबंधित आदेशांच्या प्रमाणित नकला, आणि रोजनाम्याची नकल.

रोजनाम्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण लोक तो विसरतात. त्यात त्या तारखेला कोण हजर होतं, काय अर्ज आला, काय हुकूम झाला हे लिहिलेलं असतं. समजा तुमचं म्हणणं असं आहे, की अमुक तारखेला तुम्ही हजर असताना गैरहजर दाखवून एकतर्फी हुकूम झाला. त्या तारखेचा रोजनामा, त्याच दिवशी तुमच्या वकिलांनी दिलेल्या अर्जाची पोच आणि हजर असलेल्या दुसऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र असे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवले, की तक्रारीला वजन येतं. आता ही दोन वाक्यं पाहा. 'जजसाहेब भ्रष्ट आहेत, सगळ्यांना माहीत आहे.' आणि, 'दिनांक अमुक रोजी दुपारी चेंबरमध्ये विरुद्ध पक्षाचे वकील एकटे आत गेले, मी व माझे वकील बाहेर उभे होतो, त्यानंतर लगेच हुकूम झाला.' पहिल्या वाक्याची चौकशी करायची म्हटली तरी करणार कशी? दुसऱ्याची करता येते. विशेषणं गाळा. तारीख, वेळ, जागा आणि हजर माणसं लिहा. नकलेचा अर्ज मात्र आधीच द्या, कारण नक्कल विभागात वेळ लागतो.

जिल्ह्यातल्या न्यायाधीशाविरुद्ध

तालुक्याच्या न्यायाधीशाची तक्रार नाशिकच्या प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे किंवा थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे पाठवता येते. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांविरुद्धच असेल तर उच्च न्यायालयाकडेच. आपला जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो. शेजारचे धुळे, जळगाव, अहिल्यानगर हे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाखाली, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकाचं ऐकून पत्ता घालू नका. पाकीट स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा; रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे.

उच्च न्यायालय प्राथमिक चौकशी करतं. तथ्य वाटलं तर खातेनिहाय चौकशी लागते आणि बदली, निलंबन इथपासून बडतर्फीच्या शिफारशीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. जिल्हा न्यायाधीशाला सेवेतून काढण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या शिफारशीवर राज्यपालांच्या नावाने निघतो. यात संसदेचा संबंध नाही.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींविरुद्ध

तक्रार त्या उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे जाते; मुख्य न्यायमूर्तींविरुद्ध किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींविरुद्ध असेल तर भारताच्या सरन्यायाधीशांकडे. पुढे जी अंतर्गत चौकशी होते, तिचं मूळ आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातल्या प्रकरणात आहे. १९९५ मध्ये तिथले मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर वकील संघटनांनी ठराव केले, त्यांनी राजीनामा दिला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. वकिलांनी दबाव आणून राजीनामा घेणं योग्य नाही, तक्रार मुख्य न्यायमूर्तींमार्फतच पुढे जावी, असं न्यायालयाने सांगितलं. त्यातून आकाराला आलेली पद्धत १९९९ मध्ये स्वीकारली गेली. दोन इतर उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक न्यायमूर्ती अशी समिती चौकशी करते. आरोप गंभीर निघाले तर राजीनामा सुचवला जातो, काम काढून घेतलं जातं, आणि राजीनामा आलाच नाही तर राष्ट्रपती व पंतप्रधानांना कळवलं जातं. पदावरून काढण्याचा अधिकार मात्र या समितीला नाही.

संसदेतली चौकशी

तो अधिकार घटनेच्या कलम १२४(४) आणि २१८ नुसार संसदेच्या ठरावावरून राष्ट्रपतींना आहे. कारणं दोनच, सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा अक्षमता. न्यायाधीश चौकशी कायदा १९६८ प्रमाणे नोटिशीवर लोकसभेचे किमान १०० किंवा राज्यसभेचे किमान ५० सदस्य सह्या करतात. अध्यक्ष किंवा सभापती ती स्वीकारू शकतात, फेटाळूही शकतात. २०१८ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची नोटीस सभापती वेंकय्या नायडूंनी सुरुवातीलाच फेटाळली. स्वीकारली तर तिघांची समिती नेमतात: सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ. समिती नेमके आरोप निश्चित करते, न्यायाधीशांना लेखी बचावाची संधी देते. साक्षीदारांना समन्स काढण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार तिला असतात. समितीने निर्दोष ठरवलं तर विषय तिथेच संपतो. दोषी ठरवलं तर दोन्ही सभागृहांत मतदान होतं, आणि तेही एकाच अधिवेशनात.

मतांची अट दुहेरी आहे. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश. ११ मे १९९३ ला न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या प्रस्तावात ही अट काय असते ते दिसलं. चंडीगडच्या सरकारी निवासस्थानावर केलेल्या खर्चाचं ते प्रकरण. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या समितीने बहुतेक आरोप सिद्ध धरले होते. लोकसभेत बाजूने १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही. २०५ सदस्य तटस्थ राहिले, त्यात मुख्यतः काँग्रेसचे. निम्म्याचा आकडा गाठला गेला नाही आणि प्रस्ताव पडला. सिद्ध आरोपांसमोर गप्प बसून राहणं मला आजही अस्वस्थ करतं. विरोधात मत देणाऱ्याला निदान कारण सांगावं लागलं असतं. २०११ मध्ये न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने १८९ विरुद्ध १७ मतांनी ठराव केला. लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. २०२५ संपेपर्यंत या मार्गाने एकही न्यायाधीश प्रत्यक्ष पदावरून दूर झालेला नव्हता.

खासदाराकडे जायचं तर

आमदाराकडे या कामासाठी जाऊ नका. कलम २११ नुसार न्यायमूर्तींच्या वर्तनावर विधिमंडळात चर्चाच करता येत नाही. संसदेतही कलम १२१ मुळे ती फक्त असा प्रस्ताव असतानाच होते. आपल्या जिल्ह्यात तीन लोकसभा मतदारसंघ येतात. नाशिक शहर, देवळाली, सिन्नर, इगतपुरी नाशिकमध्ये. निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण, दिंडोरी हे दिंडोरीत. आणि मालेगावच्या दोन्ही जागा व बागलाण (सटाणा) धुळ्यात. सटाण्याच्या माणसाने आपला खासदार धुळ्याचा, हे लक्षात ठेवावं. खासदारांना निवेदनासोबत मुख्य न्यायमूर्तींकडे केलेल्या तक्रारीची प्रत आणि पोच द्या. हजारो सह्यांच्या मोहिमेला कायद्यात काही किंमत नाही.

कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेलं विधान अवमान ठरत नाही; अवमान कायदा १९७१ चं कलम ६ तसं स्पष्ट सांगतं. हे संरक्षण व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या मजकुराला नाही. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. लोकपालांकडे उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची तक्रार घेऊन जाण्याचा विचार असेल, तर लोकपालांच्या त्या अधिकाराला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्थगिती दिली होती हे ध्यानात घ्या. आणि पैसे न्यायाधीशाने नव्हे, त्यांच्या नावावर कारकून किंवा बेलिफाने मागितले असतील, तर पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा.