नेटवर्क प्रिंटरची जोडणी (युनिक्स-सदृश प्रणालींवर)

लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस यांसारख्या युनिक्स-सदृश प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावरून वायफाय किंवा लॅनवरच्या प्रिंटरवर छपाई करता यावी, यासाठी केलेली मांडणी. तिचे तीन भाग असतात. प्रिंटरसाठी एक रांग (छपाईची कामे एकामागून एक थांबतात ती जागा) उघडून तिला नाव द्यायचे, त्या नावामागे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता बांधायचा आणि पाठवलेला मजकूर प्रिंटरला समजेल अशा भाषेत बदलण्याची सोय करायची. आज बहुतेक ठिकाणी ही सर्व कामे ‘कप्स’ ही मुद्रणप्रणाली करते.

कोकण किनाऱ्यावर अशी जोडणी तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात आणि आंब्याच्या हंगामात पेट्यांवरच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या बागायतदाराच्या पडवीतही लागते. इथले हवामान तिची कसून परीक्षा घेते. पावसाळ्यात वीज पडते, फांदी तारेवर येते, लाइट जाते आणि दिवसातून चारदा येते-जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांतली कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. त्यामुळे बसवली त्या दिवशी प्रिंट निघाली एवढ्यावर जोडणी पुरी झाली असे इथे समजू नये. लाइट जाऊन परत आल्यावर कुणीही हात न लावता प्रिंट निघाली, तरच ती पुरी झाली. या नोंदीत त्याच बाजूवर भर दिला आहे.

पूर्वपीठिका

युनिक्समध्ये छपाईच्या दोन परंपरा होत्या. बर्कलेच्या बीएसडी शाखेत ‘एलपीआर’ ही आज्ञा आणि ‘एलपीडी’ हा पाठीमागे चालणारा कार्यक्रम होता, तर सिस्टीम फाइव्ह शाखेत ‘एलपी’ ही आज्ञा होती. बीएसडीमध्ये सगळ्या प्रिंटरांची माहिती ‘प्रिंटकॅप’ नावाच्या एकाच फाइलीत हाताने लिहावी लागे आणि एखादा विरामबिंदू चुकला तरी रांग बंद पडे. एलपीडीचा नेटवर्कवरील व्यवहार १९९० साली आरएफसी ११७९ या दस्तऐवजात नोंदवला गेला. त्याचे पोर्ट, म्हणजे संगणकावरच्या एकेका सेवेच्या दाराचा क्रमांक, ५१५.

मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये कप्सचे काम सुरू केले आणि १९९९ मध्ये ती लोकांसमोर आली. बीएसडी आणि सिस्टीम फाइव्ह या दोन्हींच्या आज्ञा तिने चालू ठेवल्या आणि आतून मात्र इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, स्वीकारला. अ‍ॅपलने २००२ मध्ये आपल्या प्रणालीत कप्स घेतली आणि २००७ मध्ये तिचा मूळ संकेतही (सोर्स कोड) विकत घेतला. स्वीट २०१९ च्या अखेरीस अ‍ॅपलमधून बाहेर पडले. त्यानंतर लिनक्सकडचा विकास ओपनप्रिंटिंग या गटाकडे आला.

पत्ता

प्रिंटरशी बोलण्याच्या तीन वाटा रूढ आहेत. एलपीडी ही सर्वांत जुनी. पोर्ट ९१०० वरची ‘सॉकेट’ वाट अगदी सरळ असते: येतील ते बाइट प्रिंटरमध्ये ओतायचे. ती वेगवान आहे, पण प्रिंटरकडून परत फारसे काही कळत नाही. पोर्ट ६३१ वरची आयपीपी ही तिसरी वाट. तिच्यावरून कागद संपला, झाकण उघडे आहे, टोनर कमी आहे, हे प्रिंटर स्वतः सांगतो. प्रिंटर आयपीपी जाणत असेल तर दुसरी वाट धरू नये.

तक्रारी मात्र बहुतेक वाटेच्या नसतात, पत्त्याच्या असतात. घरचा किंवा दुकानाचा राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता भाड्याने देतो. लाइट गेली की राउटर, संगणक, प्रिंटर, मोबाइल सगळे एकदम बंद पडतात आणि आली की सगळे एकदम जागे होतात. कोण आधी उठला यावर कधी कधी पत्ते बदलतात. कालपर्यंत शेवटचा आकडा १५ असलेला प्रिंटर आज १८ होतो. कप्सच्या रांगेत मात्र १५ च लिहिलेला असतो. रांग त्या पत्त्यावर हाका मारत बसते, प्रिंटर दोन हातांवर दिवा लावून मोकळा उभा असतो आणि दुकानदाराला वाटते प्रिंटर बिघडला.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकासाठी) एक आयपी कायमचा राखून ठेवणे. प्रिंटरच्या पडद्यावरूनही ठरावीक आयपी भरता येतो, पण राउटर तोच आकडा दुसऱ्या कुणाला देऊन बसला तर दोघांची टक्कर होते. म्हणून राखीव जागा राउटरमध्येच करावी. दुसरा उपाय म्हणजे आकडा सोडून नावाने हाक मारणे. अलीकडचे प्रिंटर मल्टिकास्ट डीएनएसवरून ‘लोकल’ या प्रत्ययाचे स्वतःचे नाव पुकारत असतात, लिनक्सवर ‘अवाही’ हा कार्यक्रम ते ऐकतो. आयपी बदलला तरी नाव तेच राहते. अडचण एवढीच की ही पुकार एका नेटवर्कच्या बाहेर जात नाही. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर प्रिंटर असेल, तर संगणकाला तो दिसणारच नाही.

जांभ्या दगडाच्या जुन्या घरांत आणखी एक गोष्ट आडवी येते. हात-दीड हात जाडीच्या भिंतीपलीकडे वायफाय क्षीण होते. राउटर माजघरात आणि प्रिंटर पडवीत असेल तर जोडणी मधूनच तुटते आणि दोष सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. प्रिंटरला केबलचे भोक असेल तर लॅनची तार ओढावी. पाचपन्नास फूट तारेइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

रांग उघडणे

कप्सचे एक ब्राउझरमधले पानही असते. त्याच संगणकावर ‘लोकलहोस्ट’पुढे पोर्ट ६३१ लिहिले की ते उघडते. पण आज्ञेच्या ओळीतून काय घडते ते स्वच्छ दिसते. आधी ‘एलपीइन्फो -व्ही’ म्हणून कोणकोणते प्रिंटर दिसताहेत ते पाहावे. मग रांग उघडावी:

एलपीअ‍ॅडमिन -पी पडवी -ई -व्ही आयपीपी://पडवी-प्रिंटर.लोकल/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

प्रत्यक्षात हे सगळे रोमन अक्षरांत आणि ‘ई’ सोडून लहान लिपीत टाइप करायचे असते. ‘-पी’नंतर रांगेचे नाव येते आणि त्यात मोकळी जागा चालत नाही. ‘-व्ही’नंतर पत्ता. ‘-एम एव्हरीव्हेअर’ म्हणजे वेगळा ड्रायव्हर (त्या प्रिंटरपुरता जोडकार्यक्रम) न शोधता प्रिंटरलाच त्याच्या क्षमता विचारणे. त्यामुळे आज्ञा देताना प्रिंटर चालू आणि नेटवर्कवर असावाच लागतो.

मोठ्या ‘ई’च्या जागेकडे नीट लक्ष द्यावे. रांगेच्या नावानंतर आली तर तिचा अर्थ ‘रांग चालू कर आणि जॉब (छपाईची कामे) स्वीकार’ असा होतो. तीच नावाआधी टाकली तर अर्थ होतो ‘सर्व्हरशी सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणी कर’. मग रांग तयार होते, पण बंदच राहते आणि माणूस तासभर प्रिंटर हलवत बसतो. डेबियन आणि उबुंटूवर ही आज्ञा देणारा ‘एलपीअ‍ॅडमिन’ गटात असावा लागतो. रांगांची नोंद ‘प्रिंटर्स’ नावाच्या कॉन्फ फाइलीत होते. कप्स चालू असताना ती हाताने बदलू नये, कारण कप्स आपल्या आठवणीतली प्रत तिच्यावर परत लिहिते आणि बदल पुसले जातात.

लाइट जाऊन आल्यावर

समजा, राजापुरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात चाळीस पानांचे खरेदीखत छापायला लावले आहे. सतराव्या पानाला लाइट गेली. सतरावे पान रोलरमध्ये अर्धे अडकून पडले. संगणक यूपीएसवर आहे, पण लेझर प्रिंटर यूपीएसवर ठेवत नाहीत, कारण तापताना तो एकदम मोठा प्रवाह ओढतो. वीस मिनिटांनी लाइट आली. दुकानदाराने कागद ओढून काढला, हिरवा दिवा लागला, पण प्रिंट येईना. त्याने पुन्हा प्रिंट दिली, मग पुन्हा, आणि आणखी एकदा. ‘एलपीस्टॅट -टी’ विचारले तर उत्तर आले की रांग ‘डिसेबल्ड’ आहे आणि तिच्यात चार जॉब तुंबले आहेत.

झाले ते असे. छपाई सुरू होण्याआधीच प्रिंटर बंद असेल तर कप्सचा नेटवर्ककडचा भाग शांतपणे वाट पाहतो आणि पुनःपुन्हा जोडणी करून बघतो. जोडणी मध्येच तुटली तर मात्र तो चूक नोंदवून थांबू शकतो. अशा वेळी काय करायचे हे रांगेच्या ‘एरर पॉलिसी’त ठरलेले असते. मूळ मांडणीत ते ‘स्टॉप-प्रिंटर’ असते: जॉब जपून ठेव आणि रांग बंद कर. जिथे लाइट जात नाही आणि प्रिंटरशेजारी जाणकार बसलेला असतो, अशा कार्यालयासाठी हे ठीक आहे. दुकानासाठी ‘रिट्राय-जॉब’ ठेवावे. एलपीअ‍ॅडमिनला ‘-ओ’ देऊन ‘प्रिंटर-एरर-पॉलिसी’ बदलता येते. पुनःप्रयत्नांनाही मर्यादा असते, मूळ मांडणीत ५. पावसाळ्यातली लाइट दुपारभर येत नाही, म्हणून ‘जॉब रिट्राय लिमिट’ आणि दोन प्रयत्नांमधला अवधी दोन्ही वाढवावेत.

आधीच बंद पडलेली रांग ‘कप्सएनेबल’ आणि रांगेचे नाव एवढ्याने सुरू होते. पण त्याआधी जास्तीचे तीन जॉब ‘कॅन्सल’ने काढून टाकावेत, नाहीतर तेच खरेदीखत चारदा बाहेर येते. संगणकही बंद पडला असेल तर घाबरू नये. जॉब ‘स्पूल’ डिरेक्टरीत डिस्कवर लिहिलेले असतात आणि कप्स पुन्हा सुरू झाली की उरलेले हाती घेते.

निदान करताना क्रम सोडू नये. प्रिंटरला पिंग (‘आहेस का?’ अशी नेटवर्कवरची हाक) पोचते का, पोर्ट ६३१ किंवा ९१०० उघडे आहे का, रांग चालू आहे का, आणि शेवटी कप्सची ‘एरर लॉग’ फाइल. ‘कप्ससीटीएल’ला ‘डीबग-लॉगिंग’ सांगितले की लॉगमध्ये एकेका पायरीची नोंद येऊ लागते. काम झाले की ते बंद करावे, फाइल भराभर फुगते.

भाषा आणि जुने प्रिंटर

प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल, पीडीएफ किंवा सरळ बिंदूंचे चित्र अशा ठरावीक भाषा जाणतो. कप्सचे फिल्टर मधे बसून भाषांतर करतात. भाषा चुकली तर एका पानाऐवजी ढीगभर पाने निघतात आणि प्रत्येकावर दोन-तीन निरर्थक चिन्हे असतात. तसे दिसले की तडक ट्रे ओढून कागद वाचवावा आणि रांगेचा ड्रायव्हर तपासावा.

प्रिंटर वर्किंग ग्रुपने २०१३ मध्ये आणलेल्या ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’मुळे नव्या प्रिंटरांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण गावोगावच्या टेबलांवर अजून एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे यूएसबीचे जुने प्रिंटर आहेत आणि ते चांगले चालतात. त्यांना नेटवर्कवर आणायचे तर एखादा लिनक्स संगणक, अगदी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकसुद्धा, त्यांचा प्रतिनिधी म्हणून बसवावा आणि कप्समधून रांग सर्वांना खुली करावी. विंडोजचे संगणकही तिच्यावर आयपीपीने छापू शकतात. दोन बारकावे आहेत. १०२० मध्ये फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला कार्यक्रम) कायमचे राहत नाही, प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावे लागते. एचपीलिप हे पॅकेज ते आपोआप करते, म्हणजे लाइट आल्यावर संगणकही जागा असला पाहिजे. २९०० कॅप्ट ही स्वतःची भाषा बोलतो आणि कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल धर्तीच्या प्रोसेसरसाठी आहे, रास्पबेरी पायवर तो तसाच चालत नाही. तिथे स्वयंसेवकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर वापरावा लागतो.

कागद आणि देवनागरी

काही मांडण्यांत मूळ कागद अमेरिकी ‘लेटर’ असतो. ट्रेमध्ये ए४ असला की प्रिंटर दिवा मिचकावत लेटर कागदाची वाट पाहतो. रांगेचा मूळ कागद ए४ करून टाकावा आणि लीगल कागद लागणाऱ्या कामासाठी वेगळी रांग त्याच प्रिंटरवर उघडावी. एका प्रिंटरला कितीही रांगा असू शकतात.

मराठी मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीतून थेट ‘एलपी’ला दिला तर जोडाक्षरे फुटू शकतात. आधी पीडीएफ करावी आणि तिच्यात फॉन्ट अंतर्भूत आहे ना हे ‘पीडीएफफॉन्ट्स’ या आज्ञेने पाहावे. नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. जुलैत फोडलेले रीम उघडे ठेवले तर कागद दमट होऊन वळतो आणि अडकतो. त्याचा जोडणीशी काहीही संबंध नसतो.

गोपनीयता व सुरक्षा

झेरॉक्सच्या दुकानातून लोकांची आधार कार्डे, सातबारे, बँकेची पासबुके जातात. छापून झाल्यावरही कप्स मूळ मांडणीत त्या फाइली एक दिवस स्पूलमध्ये ठेवते. ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’ला ‘नो’ सांगितले की छापताच त्या पुसल्या जातात. लोकांचे कागद हाताळणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हा बदल पहिल्याच दिवशी करावा.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कप्स-ब्राउज्ड’ या जोडकार्यक्रमातील गंभीर त्रुटी उघड झाली. तो यूडीपी पोर्ट ६३१ वर कुणाचाही निरोप खरा मानत असे. बाहेरचा माणूस त्यातून खोटा प्रिंटर घुसवू शके आणि त्यावर छपाई झाली की संगणकावर आपली आज्ञा चालवू शके. आयपीपीने थेट रांग उघडली असेल तर या कार्यक्रमाची गरज नसते, तो बंद ठेवावा. पोर्ट ६३१ राउटरमधून इंटरनेटकडे कधीही उघडू नये.