टीबी कुणाला होतो आणि टीबीतून बरं कोण होतं

आरोग्यातली विषमता आणि आरोग्यसेवेतली विषमता हे शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. पहिल्यात प्रश्न असतो तो आजारी कोण पडतं हा. दुसऱ्यात, आजारी पडलेल्याला उपचार मिळतात का, आणि कधी. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं फुकट आहेत, म्हणून हा फरक टीबीत स्वच्छ दिसतो.

टीबीचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना आजार कधीच होत नाही. कुणाला होणार यात कुपोषण, कोंदट खोली, खाणीतली सिलिकाची धूळ, तंबाखू, मधुमेह यांचा मोठा हात असतो. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ दरम्यान ‘रॅशन्स’ नावाची चाचणी झाली. टीबी रुग्णांच्या घरांचे दोन गट केले होते; रुग्णांना शिधा दोन्ही गटांत मिळत होता. एका गटात घरातल्या इतरांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. नवा डॉक्टर नाही, नवं औषध नाही. फरक पडला तो ताटामुळे. ही पहिली विषमता, आणि ती दवाखान्याच्या दाराबाहेरच तयार होते.

दुसरी पाहायची तर ऊसतोड टोळीकडे बघा. थुंकीचे दोन नमुने द्यायचे असतात: एक तिथल्या तिथे, दुसरा पहाटेचा. म्हणजे बहुधा दोन खेपा. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, उचल तर आधीच घेतलेली असते, म्हणून खोकला अंगावर काढला जातो. साधा टीबी असेल तर उपचार सहा महिन्यांचे: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दसऱ्याला गोळ्या सुरू केलेला माणूस दिवाळीच्या सुमाराला फडावर जातो तो मार्च-एप्रिलपर्यंत. ‘निक्षय’ या सरकारी टीबी नोंदणीतल्या क्रमांकावरून त्याची नोंद कारखान्याजवळच्या केंद्रात बदलून घेता येते, पण ते सांगावं लागतं. राहून गेलं की हातातल्या पट्ट्या संपतात. तोवर खोकला थांबलेला असतो, बरं वाटत असतं आणि गोळ्या सुटतात. आजार उलटतो, कधी औषधांना न जुमानणारा होऊन. इथे गोळी फुकट असूनही उपचार महागच पडतात.

दोन्ही विषमता एकमेकींत मिसळतातही: पोटात किती जातं यावर उपचारांचं फळही ठरतं. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. झारखंडच्याच चाचणीत उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ४२ किलोच्या माणसासाठी हे जेमतेम दोन किलो. टीबी रुग्णाच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. दिवसाला तेहतीस रुपये, आणि घरात पाच जण असले तर ते पाच ताटांत वाटले जाणार हे धरूनच चालावं.

यातली विषमता कोणती हे ओळखताना चुकलं की उपायही चुकतो. जिथे तपासणीचं यंत्र साठ किलोमीटरवर आहे तिथे नुसता शिधा वाटून आजार वेळेत सापडणार नाही. आणि जिथे माणसं अर्धपोटी आहेत तिथे यंत्र आणून नवे रुग्ण होणं थांबणार नाही.

सगळ्यात फसवा आकडा नोंदींचा. एखाद्या दुर्गम तालुक्यात टीबीच्या नोंदी कमी दिसल्या की आजारच कमी, असं अहवालात लिहून मोकळे होतात. त्याआधी लाखामागे किती जणांची थुंकी तपासली आणि त्यातल्या किती जणांत टीबी निघाला, हे दोन आकडे मागा. तपासण्या थोड्या आणि त्यात टीबी निघण्याचं प्रमाण जास्त असेल, तर केंद्रापर्यंत फक्त फार खंगलेलेच पोहोचत असण्याचा दाट संशय धरावा.