कीबोर्ड पुसायचा कशानं? आधी हातातलं फडकं बघा

‘तुमचा कीबोर्ड टॉयलेट सीटपेक्षा घाणेरडा आहे!’ ही बातमी अधूनमधून नव्यानं फिरत असते. तिचा एक गाजलेला अवतार २००८ सालचा. ‘विच?’ या ब्रिटिश ग्राहक संस्थेच्या संगणक मासिकानं लंडनमधल्या आपल्याच कार्यालयातले ३३ कीबोर्ड तपासले. त्यातल्या एकावर टॉयलेट सीटच्या पाचपट जंतू निघाले. ३३ पैकी एकावर! बातमीत मात्र जगातले सगळे कीबोर्ड आले. मुळात ही तुलनाच फसवी आहे. टॉयलेटची सीट गुळगुळीत, बहुतेक वेळ कोरडी आणि नियमित धुतली जाणारी वस्तू. जंतूंना तिथे फार काळ तग धरता येत नाही. शिवाय नुसत्या संख्येवरून ते जंतू कोणते आहेत हे कळत नाही, आणि आजारी पडायचं की नाही हे ठरतं ते त्यावरच.

अशा बातमीनं घाबरून लोक जे करतात त्याची मला जास्त काळजी वाटते. टायपिंग इन्स्टिट्यूट, सार्वजनिक ग्रंथालय, ऑनलाइन परीक्षा केंद्र, कॉम्प्युटर क्लास अशा ठिकाणी एका कीबोर्डवर दिवसभरात डझनभर माणसांची बोटं पडतात. तिथे पांढरं फिनाईल, थिनर, काचेचा स्प्रे, हँड सॅनिटायझर, जे हाताशी असेल ते कळांवर ओतलं जातं. सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं. अल्कोहोल उडून गेलं की तेच ग्लिसरीन कळांवर चिकटून राहतं आणि त्यावर धूळ बसते. थिनरचा तर विचारही करू नका. स्वस्त कीबोर्डच्या कळा बहुतेक वेळा एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात, आणि थिनरमध्ये बऱ्याचदा असणाऱ्या ॲसिटोनमध्ये हे प्लास्टिक चक्क विरघळतं.

मग काय वापरायचं? उत्तर देण्याआधी एक जुना अभ्यास सांगतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रुग्णालयात विल्यम रुटाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ कीबोर्ड तपासले आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. पंचवीसच्या पंचवीस कीबोर्डांवर स्टॅफिलोकॉकस गटातले असे जीवाणू सापडले, जे तुमच्या-माझ्या कातडीवर एरवीही कायम वस्तीला असतात. नंतर त्यांनी मुद्दाम जीवाणू लावलेले कीबोर्ड सहा वेगवेगळ्या जंतुनाशकांनी पुसून पाहिले, आणि तुलनेसाठी नुसत्या निर्जंतुक पाण्यानंही पुसले. सहाही जंतुनाशकांनी ९५ टक्क्यांहून जास्त जीवाणू गेले. पाण्यानंही तेवढेच गेले! तीनशे वेळा पुसूनही कीबोर्ड बिघडले नाहीत.

म्हणजे मोठं काम पुसण्यानंच होतं. पण पाणी जीवाणूंना मारत नाही, ते फक्त कळेवरून उचलून फडक्यात नेतं. घरात स्वतःचा एकच कीबोर्ड असेल तर एवढंही पुरे. तीस कीबोर्डांच्या लॅबमध्ये मात्र एकच ओलं फडकं पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत फिरतं, आणि पहिल्यावरचं बिऱ्हाड तिसाव्यावर उतरतं. तेव्हा जंतुनाशकाची खरी गरज आहे ती फडक्यात. आणि नेमकं तिथेच त्याचं मरण असतं. या विषयातला हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बऱ्याच जंतुनाशक फ्लोअर क्लीनरच्या आणि वाइप्सच्या लेबलवर बारीक अक्षरांत ‘बेंझाल्कोनियम क्लोराइड’ असं नाव दिसेल. या कुळातल्या रसायनांना क्वाटर्नरी अमोनियम किंवा थोडक्यात ‘क्वाट’ म्हणतात. त्यांची जंतुनाशक ताकद १९३५ साली गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञानं जगापुढे आणली. सल्फा औषधांसाठी १९३९ चं नोबेल मिळालेले डोमाक ते हेच. क्वाटच्या रेणूत मध्यभागी नायट्रोजनचा एक अणू असतो. त्याच्या चारही बाजूंना कार्बनचे गट पक्के बसवलेले असतात, त्यामुळे त्याच्यावरचा धनभार कायमचा असतो. द्रावण आम्लधर्मी असो की अल्कधर्मी, तो जात नाही. चारपैकी एक गट म्हणजे साधारण १२ ते १६ कार्बनची लांब शेपटी. ही शेपटी तेलकट असते, तिला पाण्यात राहायला नको असतं.

आता जीवाणूकडे बघू. त्याचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. स्टॅफिलोकॉकससारख्यांच्या भिंतीत टायकोइक आम्लाच्या फॉस्फेटयुक्त साखळ्या असतात. ई. कोलायसारख्यांच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइडचे रेणू दाटीवाटीनं उभे असतात. दोन्हींवर ऋणभार. शेजारी शेजारी उभे असलेले ऋणभार एकमेकांना ढकलणारच, म्हणून त्यांना धरून ठेवायला मधे मधे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे धनभारित आयन बसलेले असतात. क्वाटचं धनभारित डोकं तिथे ओढलं जातं, या आयनांना हुसकावतं आणि त्यांची जागा घेतं. मग शेपटी आपली जागा शोधते. पेशीपटलाला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याला, घडीच्या पोळीसारखे दोन पदर असतात, आणि पदरांच्या आतली बाजू तेलकट असते. शेपटी तिथे घुसते. पुरेशा शेपट्या घुसल्या की पटलाची वीण उसवते, आधी पोटॅशियम गळतं आणि मागोमाग पेशीतला बाकीचा ऐवज. हे सगळं क्षणार्धात होत नाही. लेबलवर उत्पादनानुसार १ मिनिट, ५ मिनिटं, १० मिनिटं अशी वेळ दिलेली असते. तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा, हा त्या आकड्याचा अर्थ.

सगळी करामत या एका धनभारावर चालते, आणि तोच भार क्वाटचा घातही करतो. साबण आणि धुण्याच्या पावडरीतले मुख्य घटक ऋणभारित असतात. बादलीत फ्लोअर क्लीनर ओतला आणि ‘अजून स्वच्छ निघेल’ म्हणून वरून चमचाभर पावडर टाकली, की दोघं एकमेकांना बिलगतात आणि जीवाणूंसाठी क्वाट शिल्लकच राहत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधीच जागा अडवून बसतं, म्हणून द्रावण लेबलवर सांगितल्यापेक्षा पातळ करू नका. आणि तिसरं म्हणजे सुती फडकं. कापसाच्या धाग्यावर पाण्यात ऋणभार येतो. जुन्या बनियनचं किंवा धोतराचं फडकं द्रावणात बुडवलं की क्वाट धाग्याला चिकटतो आणि पिळून निघतं ते बरंचसं साधं पाणी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुती टॉवेल बुडवल्यावर द्रावणातलं क्वाटचं प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत घटलेलं दिसलं. वास तोच, रंग तोच, बादलीत मात्र औषध नावापुरतं! म्हणून क्वाट वापरायचा तर फडकं पॉलिएस्टरच्या मायक्रोफायबरचं घ्या, नाहीतर कारखान्यातच भिजवून आलेले वाइप्स वापरा, आणि दर दोन-तीन कीबोर्डांनी बदला.

अल्कोहोलला ही भाराची भानगड नाही, त्यामुळे सुती फडकंही चालतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ‘आयपीए’ या नावानं मिळतं. ते बहुधा ९९ टक्के असतं आणि जंतू मारायला कमी पडतं, कारण प्रथिनांची घडी उलगडायला पाणीही लागतं. शुद्ध अल्कोहोल पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं पटकन गोठवून स्वतः उडून जातं. ७० भाग आयपीएत ३० भाग डिस्टिल्ड पाणी मिसळा. हे मिश्रणही सहज पेट घेतं, उदबत्ती-निरांजनापासून लांब ठेवा. आणखी एक अडचण खास आपल्याकडची. मराठी टायपिंगच्या अनेक कीबोर्डांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले असतात. अल्कोहोलनं त्यांचा गोंद सुटतो आणि बऱ्याचदा छापही पुसट होतो. तिथे क्वाट बरं. कळांवर अक्षरं कोरलेली असतील तर अल्कोहोल बिनदिक्कत वापरा.

काहीही वापरा, पण स्प्रे थेट कीबोर्डवर मारू नका. एखादी कळ हलकेच उचकटून पाहा. खाली रबराची छोटी घुमटी, तिच्याखाली पातळ प्लास्टिकचे पापुद्रे आणि त्यांवर चांदीच्या शाईनं छापलेल्या बारीक वाटा. दोन पापुद्र्यांत ओल शिरली की एक कळ दाबल्यावर तीन अक्षरं उमटायला लागतात. म्हणून वायर काढायची, कीबोर्ड पालथा करून पाठीवर थापट्या मारायच्या, पेन्सिलीचा भुसा, केस, फरसाणाचे कण खाली पडू द्यायचे आणि मग दमट फडक्यानं कळांचे माथे आणि कडा पुसायच्या. बोट माथ्यावर पडतं, पण मळ साचतो कडेला.

दसऱ्याला आपण संगणकाचीही पूजा करतो. भावनेनं वाहिलेल्या फुलाला माझी काहीच हरकत नाही. पण ‘हळद जंतुनाशक असते’ म्हणून कीबोर्डला हळद लावण्याचं समर्थन मी ऐकलं आहे, आणि त्याला विज्ञानाचा आधार नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कोरड्या प्लास्टिकवर ते कुणाला मारणार? उलट मसाल्यांच्या पुडींमध्ये बॅसिलस जीवाणूंचे चिवट बीजाणू, म्हणजे त्यांची सुप्त रूपं, सर्रास आढळतात. निळ्या उजेडाच्या ‘यूव्ही’ कांड्यांचंही तसंच. किरण सरळ रेषेत जातात, कळांच्या फटीत सावली पडते आणि घाण तिथेच असते. त्यातून डोळ्यांना आणि कातडीला इजा होण्याचा धोका वेगळाच.

एका प्रसंगी मात्र वर सांगितलेली क्वाट आणि अल्कोहोल दोन्ही अपुरी पडतात. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमधल्या एका प्राथमिक शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. तपासणीत पहिलीच्या वर्गातल्या संगणकाच्या माउस आणि कीबोर्डवर नोरोव्हायरस सापडला. साथ पसरण्यात न पुसलेल्या संगणकांचा हात असावा, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी काढला. या विषाणूला क्वाटची शेपटी घुसावी असं मेदाचं आवरणच नसतं. अल्कोहोलचाही त्याच्यावर भरवशाचा परिणाम होत नाही. त्याला क्लोरीन लागतं, निदान १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग), म्हणजे ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २० मिली आणि पाणी घालून एकूण एक लिटर. हे द्रावण टेबल-खुर्चीला ठीक आहे, पण वारंवार वापरलं तर धातूचे भाग गंजतात. ते फिनाईलमध्ये, आम्लात किंवा अमोनियाच्या स्प्रेमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. लेबलवर नोरोव्हायरसचा उल्लेख असलेले हायड्रोजन पेरॉक्साइडचे वाइप्स मिळाले तर कीबोर्डसाठी तेच घ्या. मिळाले नाहीत आणि लॅबमध्ये एखाद्या मुलाला उलटी झालीच, तर त्याच्या समोरचा आणि शेजारचे कीबोर्ड-माउस हातमोजे घालून काढा, पिशवीत बांधा आणि ई-कचऱ्यात द्या. चार-पाचशे रुपयांच्या कीबोर्डसाठी सगळी बॅच आजारी पाडू नका. वर्गातल्या सगळ्यांचे हात मात्र साबणानंच धुवून घ्या, सॅनिटायझरवर भागवू नका.