लक्ष नव्हतं की लक्षात राहिलं नाही?

चष्मा सापडत नाही, आणि ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं. साठी उलटली की या दोन्हींसाठी आपण एकच वाक्य वापरतो, ‘हल्ली फार विसरायला होतं’. खरं तर या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला चालत नाही.

आधी चष्मा. फोन वाजला, वाचत होतात ते बाजूला ठेवलंत आणि बोलत बोलत खिडकीपाशी गेलात. चष्मा काढून तिथेच टेकवलात, पण त्या क्षणी सगळं लक्ष पलीकडच्या आवाजाकडे होतं. चष्मा कुठे ठेवला याची नोंद मेंदूत झालीच नाही. जे आत गेलंच नाही, ते डोकं खाजवून बाहेर कुठून येणार? वयाबरोबर एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणं जड जातं, म्हणून असे प्रसंग वाढतात. इथे आठवण्याचा आटापिटा न करता ज्या क्रमाने हालचाली केल्या, त्याच क्रमाने पुन्हा फिरून यावं. आणि पुढच्या वेळी वस्तू ठेवताना क्षणभर थांबून ‘चष्मा खिडकीत ठेवला’ असं तोंडाने म्हणावं. वेडेपणा वाटेल, पण मोठ्याने म्हटलेलं मनातल्या मनात म्हटलेल्यापेक्षा जास्त टिकतं.

नावाचं उलट असतं. तिथे नोंद आहे, तिच्यापर्यंतची वाट सापडत नाही. 1966 मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले. ज्यांच्या ओठांवर शब्द अडला, त्यांना बरेचदा त्याचं पहिलं अक्षर किंवा उच्चारताना त्याचे किती तुकडे पडतात हे बरोबर सांगता आलं. शब्द हरवलेला नव्हताच. विशेषनामं जास्त अडतात याचंही कारण आहे. सुतारकाम करणारा माणूस म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास सगळं सोबत येतं. सुतार आडनावाच्या माणसाच्या नावाला यातलं काहीच चिकटलेलं नसतं.

अशा वेळी ताण देऊन बसू नका. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या एमी वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांना 2008 मध्ये असं आढळलं की अडलेल्या अवस्थेत माणूस जितका जास्त वेळ राहतो, तितका तोच शब्द पुढे पुन्हा अडण्याची शक्यता वाढते. सरळ कुणाला तरी विचारा, आणि नाव कळलं की दोन-तीनदा उच्चारा.

‘सकाळची गोळी घेतली का?’ हा प्रश्न मात्र दोन्हींच्या मध्ये बसतो. गोळी घेतल्याचं आठवतं, पण ते आजचं की कालचं? रोज त्याच ग्लासने, त्याच जागी घेतलेल्या गोळीच्या आठवणी एकमेकींत मिसळून जातात. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी शंकेपोटी दुसऱ्यांदा घेणं धोक्याचं आहे. म्हणून माझा आग्रह आहे की इथे स्मरणशक्तीवर मुळीच विसंबू नये. सात वारांच्या कप्प्यांची डबी आणा. रिकामा कप्पा खोटं बोलत नाही.

आणखी एक गल्लत मला फार महत्त्वाची वाटते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला ‘काल तर सांगितलं होतं!’ असं ऐकवलं जातं. त्याच्यापर्यंत ते धड पोचलंच नव्हतं. त्याला विसराळू ठरवण्याआधी कान तपासा.

अडलेलं नाव तासाभराने आपोआप आठवतं, पहिलं अक्षर सांगितलं की चटकन येतं, तोवर घाबरण्याचं कारण नाही. पण आठवण करून दिल्यावरही प्रसंग घडल्याचंच आठवत नसेल, थोड्या थोड्या वेळाने तोच प्रश्न येत असेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, रोजचे पैशांचे हिशेब जमेनासे झाले असतील, तर डॉक्टरांना भेटायला हवं. तो स्मृतिभ्रंशच असेल असं नाही. बी-12ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, अपुरी झोप, नैराश्य, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनीही असं होतं, आणि यातलं बरंच काही उपचारांनी सुधारतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, आणि चार-पाच प्रसंग तारखेसह लिहून ठेवा: नेमकं काय विसरलं, आठवण करून दिल्यावर आठवलं का, आणि त्या वेळी लक्ष कुठे होतं.