जग्वार मार्क २, १९६२ : काय जुनं ठेवलं, काय नवं बसवलं

ही गाडी घ्यायचा विचार करणाऱ्या, किंवा नुसती बघायला म्हणून येणाऱ्या मराठी ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक. इंग्रजी पत्रक आहेच. पण इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये येणारी मराठी मंडळी बोनेट उघडल्यावर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं त्यात नसतात.

गाडी कोणती

मार्क २ ऑक्टोबर १९५९ मध्ये बाजारात आली आणि १९६७ पर्यंत कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात बनत होती. चार दारं, पाच माणसं, डिकीत घरचं सामान आणि पुढे स्पोर्ट्स कारचं इंजिन, असा जग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांचा बेत होता. १९५१ ते १९५७ या काळात जग्वारने फ्रान्समधली ल मानची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकली, ती याच ‘एक्सके’ नावाच्या घराण्यातल्या इंजिनांवर. मार्क २ मध्ये ते २.४, ३.४ आणि ३.८ लिटरमध्ये मिळे. आमच्याकडची ३.८ आहे : ओळीत सहा सिलिंडर, ३७८१ सीसी, कंपनीच्या आकड्याप्रमाणे २२० अश्वशक्ती, वेग ताशी १२५ मैलांपर्यंत. चारही चाकांना डिस्क ब्रेक पहिल्यापासून. मोटरवेवर पोलिसांनी ही गाडी पसंत केली आणि दरोडे घालून पळणाऱ्यांनीही!

आधी पत्रा

या गाड्यांचं इंजिन सहसा दगा देत नाही, गंज देतो. वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे दाराखालच्या सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या कमानपाट्यांचे आधार आणि पुढचं इंजिन-सस्पेन्शन पेलणारे भाग सडले, तर वरचा रंग कितीही चकाकत असला तरी गाडीत राम नाही. आम्ही रंग पूर्ण उतरवला, सडलेला पत्रा कापला आणि नवा वेल्ड केला. लांबी (पुट्टी) भरून खड्डे झाकलेले नाहीत; लांबीला चुंबक चिकटत नाही. येताना खिशात लोहचुंबक घेऊन या आणि सिलवरून फिरवा, आम्हाला राग येणार नाही. कापण्याआधीचे आणि वेल्डनंतरचे फोटो एका फाइलमध्ये लावलेत. सावकाश चाळा, आम्ही चहा देऊ.

आतलं अक्रोडाचं लाकूड पुन्हा पॉलिश केलंय. फक्त ग्लव्हबॉक्सच्या झाकणावर जुन्या व्हार्निशच्या बारीक चिरा मुद्दाम ठेवल्यात. तिथल्या लाकडाच्या रेषा शेजारच्या पट्टीशी इतक्या जुळतात, की घासायचा धीर झाला नाही. पुढच्या सीटच्या पाठीमागचे घडीचे टेबल मूळचेच.

नवं काय

आमचा नियम असा : जिथे वय धोक्याचं किंवा वैतागाचं होतं तिथेच हात घालायचा, आणि जमेल तेवढं परत जुन्यावर आणता यावं. म्हणून इंजिनाची ताकद एका घोड्यानेही वाढवलेली नाही. ‘एसयू’ कंपनीचे जुळे कार्बोरेटरही तेच आहेत. २२० अश्वशक्ती आजच्या रस्त्यावर पुरेशी आहे, कमी पडायचा तो गिअरबॉक्स.

मूळच्या ‘मॉस’ कंपनीच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरवर सिंक्रोमेश, म्हणजे दात न घासता गिअर जुळवणारी सोय, नव्हता. गाडी हलत असताना पहिला टाकला की दात किरकिरत, आणि वरचे गिअरसुद्धा घाई केलेली खपवून घेत नसत. त्याजागी पाच गिअरचा नवा बॉक्स आहे. जुना बॉक्स ओव्हरड्राइव्हसकट (लांबच्या रस्त्यावर इंजिन कमी फिरवणारा जोडभाग) लाकडी खोक्यात ठेवलाय, तो गाडीबरोबर मिळेल. गाडी पार्क करताना खांदे भरून यायचे म्हणून स्टीअरिंगच्या दांड्याला विजेची मदत जोडली. मूळ स्टीअरिंग बॉक्स मात्र बदललेला नाही. त्याचं कारण पुढे कागदपत्रांत.

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला, तोही डायनॅमोसारखाच दिसणारा. वायरिंग पूर्ण नवं आहे. मूळ गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, आता निगेटिव्ह आहे. जुन्या मॅन्युअलकडे बघून बॅटरी जोडू नका! याशिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि विजेचा पंखा.

ब्रिटनच्या पंपांवर सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलचे पाइप बदललेत. तरीही सुपर ग्रेडचं ई५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) भरा. शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्हच्या सीट झिजतील ही चिंता नको. हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात.

काय तसंच राहिलंय

हीटर कमजोर आहे, हिवाळ्यात स्वेटर घालूनच बसा. हँडब्रेक बेताचाच, उतारावर गिअरमध्ये ठेवूनच उतरा. क्रँकच्या मागच्या टोकाला दोरीचं सील असतं, त्यामुळे उभ्या गाडीखाली तेलाचे एखाद-दोन थेंब दिसतील. थारोळं दिसलं तर फोन करा, थेंबासाठी नको.

कागदपत्रं

चाळीस वर्षांवरच्या गाडीला ब्रिटनमध्ये ऐतिहासिक वर्गात रोड टॅक्स लागत नाही, आणि त्याच वर्गामुळे लंडनच्या यूलेझचं (धूर जास्त सोडणाऱ्या गाड्यांवरचं) शुल्कही नाही. एमओटीचीही (गाडीच्या दरवर्षीच्या तपासणीची) सक्ती नाही, पण गेल्या ३० वर्षांत मोठा फेरफार झालेला नसावा. बॉडीचा सांगाडा, सस्पेन्शन किंवा स्टीअरिंगचा प्रकार बदलणं हा मोठा फेरफार धरला जातो. स्टीअरिंग बॉक्स तसाच ठेवला तो यासाठी. सक्ती नसतानाही एमओटी आम्ही करून घेतलीय. इंजिनावरचा नंबर जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या प्रमाणपत्राशी जुळतो.

भारतात न्यायची असेल, तर आधी आयातीचे नियम आणि कस्टम्सचा आकडा एजंटकडून लेखी घ्या, मगच आमच्याशी बोला. तिथे ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे : नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, १० वर्षांची मुदत, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती यांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते, रोज ऑफिसला नाही. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत बदल नको. आम्ही केलेल्या कामांची यादी अर्जाआधी तिथल्या आरटीओला दाखवा.

बघायला येताना

सकाळी या. गाडी आधी तापवून ठेवणार नाही, थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुमच्यासमोरच दिसू दे. पुढच्या बाजूला कान देऊन इंजिनातली टायमिंग चेन खडखडते का ऐका. फेरी मारून आल्यावर ३,००० आरपीएमला तेलाचा दाब चौरस इंचाला ४० पौंडांच्या आसपास दिसायला हवा. टेस्ट ड्राइव्हसाठी लायसन्स आणि स्वतःचा विमा लागेल. किंमतीचा कागद वेगळा आहे, तो गाडी पाहून झाल्यावर मागा.